अपेक्षाभंग, भ्रमनिरास की विरस?

प्रश्न

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ गेल्या महिन्यात प्रथमच सलग वाचली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७४ चा, मराठीतला पहिला, ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणाऱ्या या कादंबरीविषयी घरात लहानपणापासून इतके ऐकले होते की, शेवटचे पान मिटल्यावर मनात जे उरले त्याला काय म्हणावे हे कळेना. टिपणवहीत आधी ‘निराशा’ लिहिले आणि खोडले, कारण निराशेत पुढची आशाच संपलेली असते आणि माझे तसे झालेले नाही. मग ‘भ्रमनिराश’ लिहिले. हा शब्द असाच लिहितात का, आणि तो येथे चालेल का?

प्रतिसाद

शुद्ध रूप ‘भ्रमनिरास’ असे आहे. त्यातल्या ‘निरास’चा आशेशी काहीही संबंध नाही. निर् + अस् म्हणजे बाहेर टाकणे, दूर सारणे. ‘शंकानिरसन’मधले ‘निरसन’ही त्याच धातूचे. मुळात भ्रमनिरास ही चांगलीच गोष्ट, पण उच्चारसाम्यामुळे तिच्यात दुःखाची छटा मुरली आहे आणि ती आता निघणार नाही. तरीही हा शब्द वापरला की कादंबरीचा मोठेपणा हा मुळात भ्रमच होता, असा निवाडा आपण नकळत देऊन बसतो. ‘अपेक्षाभंग’ मला अधिक न्याय्य वाटतो, कारण अपेक्षा वाचकाची असते आणि तिची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. ‘हिरमोड’ सहल रद्द झालेल्या मुलांचा होतो. येथे तो तोकडा पडेल.

मी स्वतः मात्र ‘विरस झाला’ असे लिहीन. आधी रस होता, तो वाचता वाचता ओसरला, हे त्यात येते. तुमचा रस नेमका कोठे ओसरला?

प्रश्नकर्ती

निवेदनात. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात, ही योजना मला फार आवडली होती. पण एकदा निवेदकाचे नाव बोटाने झाकून मधलेच पान वाचले, तेव्हा ‘गेले’, ‘आले’ या रूपांवरून बोलणारी स्त्री आहे एवढेच कळले. ती राजकन्या असून दासी झालेली शर्मिष्ठा आहे की मानी देवयानी, हे उपमांनी भरलेल्या त्या वाक्यांच्या वळणावरून ओळखता येईना. कच तर बोलू लागला की माणूस मागे सरतो आणि व्याख्यान पुढे येते. अशांना ‘व्यक्तिरेखा’ म्हणायला मन धजत नाही.

प्रतिसाद

मग ‘पात्रे’ म्हणा. पात्र म्हणजे भांडेही. लेखकाने आपले चिंतन ज्यात ओतले ते. अनौचित्याखेरीज रसभंगाचे दुसरे कारण नाही, असे संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी म्हटले आहे, आणि तिघांच्या तोंडी एकच वाणी देणे हे मला त्याच प्रकारचे अनौचित्य वाटते. ‘रसभंग’ मात्र एखाद्या प्रसंगापुरता असतो. तुम्ही सांगता ते पुस्तकभर पसरलेले आहे, म्हणून ‘विरस’च नेमका.

प्रश्नकर्ती

पटले. फक्त ययातीच्या निवेदनापुढे तो शब्द मी लिहिणार नाही. स्वतःच्या मुलाचे तारुण्य मागणाऱ्या बापाची लाज त्या पानांत खरी आहे आणि तेथे माझा रस एकदाही तुटला नाही.