मदत हवी आहे: पैसे जमल्यावर गेमचे मूळ नियम बदलायचे का?

आम्ही मालवणचे तिघं, आंग्रेकाळातल्या दर्यावर रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा) बनवतोय. क्राउडफंडिंग झालं (लोकांकडून आधीच पैसे गोळा केले) तेव्हा नियम वीस बाजूंच्या एका फाशाचे दाखवलेले. आता खेळताना मुरलेला तांडेलसुद्धा (होडीचा म्होरक्या) खाडीच्या तोंडावरच होडी आपटतो, कारण १ काय नि २० काय, प्रत्येक आकडा ५ टक्केच. फाशाच्या आकड्यात मिळवायचे बोनस वाढवून बघितले, मग कोणी चुकेचना, मजाच गेली. सहा बाजूंचे दोन फासे घेतले तर बेरीज ७ छत्तीसात ६ वेळा, २ एकदाच, म्हणजे मधले आकडे जास्त येतात, मस्त बसतं पण अर्धं पुस्तक परत लिहायला लागेल. छपाई सुरू नाही, वीसवाले फासे मात्र ऑर्डर झालेत (गणपतीआधी येतील म्हणे). सगळ्यांचे पैसे परत देणं जमणार नाही, थोड्यांचे देऊ. असं कोणी केलंय का? पैसे भरलेल्यांना आधी विचारायचं, की नवे नियम खेळायला देऊन मग?