तळहात आणि डग्ग्याची पुडी यांच्यातील घर्षण कसे मोजावे?

प्रश्न (फोंड्यातील एक शिक्षक):
मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीतील एक विद्यार्थिनी तबला शिकते आणि श्रावणात भजनी सप्ताहांमध्ये साथही करते. पावसाळ्यात डग्ग्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या ताणलेल्या कातड्यावर, मनगटाकडचा तळहात अडखळतो आणि पावडर लावली की सरकतो, हा अनुभव तिला आकड्यांत मांडायचा आहे. पाठ्यपुस्तकातील उतरणीचा प्रयोग येथे चालत नाही, कारण ठोकळ्याप्रमाणे हात सुटा करून फळीवर ठेवता येत नाही. शिवाय त्वचेचा घर्षणांक (घर्षण भागिले दाब) कोठे ०.२, तर कोठे १ पेक्षाही अधिक दिलेला आढळतो. यांतला कोणता ग्राह्य धरावा, आणि ताणकाटा (ओढीचे बल दाखवणारा स्प्रिंगचा काटा) व डिजिटल वजनकाटा एवढ्या साधनांवर हे मोजमाप होऊ शकेल काय?

उत्तर (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ताळगाव):
सर, दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षणांक स्थिर राहतो. परंतु हा नियम लाकूड-धातूंसारख्या कठीण पृष्ठभागांना जसा लागू पडतो तसा त्वचेला पडत नाही. त्वचा मऊ असल्यामुळे दाबाखाली पसरते, प्रत्यक्ष संपर्काचे क्षेत्रफळ दाबाच्या मानाने कमी वेगाने वाढते, आणि म्हणून दाब दुप्पट केला तरी घर्षण दुप्पट होत नाही. म्हणजे दाब वाढवत नेल्यास घर्षणांक घटत जातो. त्यात ओलाव्याची भर पडली की एकाच हाताचा आकडा कोरडेपणी ०.३ च्या आसपास आणि दमट अवस्थेत त्याच्या दुपटी-तिपटीने येऊ शकतो. दाब, ओलावा आणि शरीराची जागा न सांगता दिलेल्या घर्षणांकाला माझ्या मते काहीच अर्थ नाही. विद्यार्थिनीने ‘त्वचेचा घर्षणांक’ शोधू नये. बाकी सर्व तसेच ठेवून पावडरीने किती फरक पडतो, एवढेच मोजावे.

रचना अशी करता येईल. वजनकाट्यावर एक काचपट्टी, तिच्यावर तीन-चार गोल पेन्सिली आणि त्यांवर दुसरी पट्टी ठेवावी. वरच्या पट्टीवर जुन्या पुडीच्या कातड्याचा तुकडा चिकटवून काट्याचे वाचन शून्य करावे. कोपर टेबलावर टेकवून तळहाताने कातड्यावर ठरावीक, समजा ३०० ग्रॅमचा, दाब द्यावा आणि हात न हलवता वरची पट्टी ताणकाट्याने आडवी व संथपणे ओढावी. ताणकाट्याने १५० ग्रॅम दाखवले तर घर्षणांक ०.५ झाला. पेन्सिलींचा स्वतःचा विरोध आधी हाताऐवजी ३०० ग्रॅमचे वजन ठेवून मोजावा आणि वजा करावा. दोन्ही काट्यांचे वाचन एकाच वेळी डोळ्यांनी टिपणे अवघड असते, म्हणून मोबाइलवर चित्रण करावे. ओढ सुरू होताच त्वचा प्रथम ताणली जाते आणि मग सरकते. त्यामुळे सुरुवातीचा उंचवटा सोडून नंतरचे स्थिर वाचन घ्यावे.

उत्तर (त्वचाविकारतज्ज्ञ, म्हापसा):
वरील रचनेत ओलाव्याची नोंद अधिक काटेकोर हवी. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर पाणी शोषून मऊ होतो आणि समोरच्या पृष्ठभागाला अधिक चिकटतो. मात्र पाण्याचा सलग पापुद्रा तयार झाला की तेच पाणी वंगणासारखे काम करते आणि घर्षण पुन्हा उतरते. ओलसर त्वचेचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त असते, हे ब्रिटनमधील नेलर यांनी १९५५ मध्येच दाखवले होते. हात धुतल्यावर लगेच मोजू नये; सुमारे वीस मिनिटे एकाच खोलीत शांत बसावे. त्वचेची मोजमापे साधारणपणे २० ते २२ अंश सेल्सिअस तापमानात आणि ४० ते ६० टक्के आर्द्रतेत करतात, आणि आपल्याकडे जुलैमध्ये हे वातानुकूलित खोलीशिवाय शक्य नाही. तळहातावर तैलग्रंथी नसतात, पण घर्मग्रंथी भरपूर असतात आणि त्या मनावरील ताणानेही स्रवतात. परीक्षक समोर उभे राहिले की आकडा बदलेल!

उत्तर (तबलावादक, डिचोली):
एक सूचना. नव्या पुडीचे आणि वर्षभर वाजलेल्या पुडीचे कातडे सारखे नसते, कारण जुन्यात पावडर आणि घाम मुरलेला असतो. सर्व वाचने एकाच तुकड्यावर घ्यावीत आणि पावडरीविना घ्यायची वाचने आधी उरकावीत, कारण एकदा पडलेली पावडर कातड्यातून पूर्णपणे निघत नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. तळहात इतका बेभरवशाचा असेल, तर तुलनेसाठी शरीरावरील दुसरी एखादी जागा घेता येईल काय?

उत्तर (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ताळगाव):
कोपर आणि मनगट यांच्यामधील हाताची आतली बाजू घ्यावी. तेथे केस कमी असतात आणि संशोधकही बहुधा हीच जागा निवडतात. हात आडवा ठेवून त्यावरून सुती पट्टी टाकावी, एका टोकाला ५० ग्रॅम वजन लटकवावे आणि दुसरे टोक ताणकाट्याने आडवे ओढावे, म्हणजे पट्टीचा त्वचेला ९० अंशांचा वेढा पडेल. फेरीबोटीचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला गुंडाळला की एकटा खलाशी बोट धरून ठेवतो, त्यामागचेच हे गणित आहे: दोन्ही टोकांच्या ताणांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम भागिले वेढ्याचा रेडियनमधील कोन (येथे १.५७) म्हणजे घर्षणांक. पट्टी सरकत असताना काटा ९० ग्रॅम दाखवत असेल, तर गुणोत्तर १.८ आणि घर्षणांक सुमारे ०.३७ येतो. हाताची जाडी या सूत्रात येतच नाही, ही मोठी सोय आहे. मात्र प्रत्येक वाचनाला नवी, कोरडी पट्टी घ्यावी. वापरलेली पट्टी घाम शोषून घेते.