अनुभव धागा: लिहिलं आणि पुसलं

मंडळी, नोव्हेंबर २०१२ आठवतोय? बाळासाहेब ठाकरे गेले, तेव्हा बंद कशासाठी असं फेसबुकवर विचारणारी पालघरची मुलगी आणि ते नुसतं लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. पोस्ट टाकणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं ६६अ होतं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचं. २४ मार्च २०१५ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. तरी पोस्ट टाकण्याआधी माझा अंगठा अजून अडखळतो. तुमचं काय? नावं-गावं नकोत, पण घडलेलंच लिहा.

शटलवाला
मी तेव्हा पालघरातच कॉलेजला होतो (जिल्हा तेव्हा ठाणेच). बातमी कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझं काय आहे ते आधी काढून टाक." रात्रभर बसून तीन वर्षांच्या पोस्टी उडवल्या. त्यात आजोबांच्या पंच्याहत्तरीचा अल्बमही गेला, कारण खाली मामाने एका पुढाऱ्यावर कोटी केली होती. नुसती कमेंट काढता आली असती, पण डोकं कुठे ठिकाणावर होतं! ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. मामा अजून विचारतो.

बॅच ८९
निवडणुकीआधी पोलीस ठाण्यातून सीआरपीसी कलम १४९ची (गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद) नोटीस आली: ग्रुपवर आक्षेपार्ह काही आलं तर ॲडमिन जबाबदार. मी घाबरून 'ओन्ली ॲडमिन' केलं. ४५ माणसं गप्प. पुढे आमच्यातला एकजण वारला, तर दुसऱ्याचा फोन, "अरे, तेवढं ग्रुपवर टाक रे, आम्हाला टाकता येत नाही."
सभासदाच्या मेसेजला ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये गोंदियाच्या प्रकरणात म्हटलंय. वकील मित्राने निकाल पाठवला. सेटिंग मात्र मी अजून बदललेलं नाही.

रंकाळ्याकाठी
माझं थोडं उलट आहे, शिव्या घाला हवं तर. जून २०२३, कोल्हापूर. औरंगजेबाच्या स्टेटसवरून पेटलं, दगडफेक झाली, नेट बंद झालं. शटर अर्धं ओढून आत बसलो होतो, तेव्हा मला बरंच वाटलं. निदान नवे व्हिडिओ तरी येणार नाहीत! पण खरं काय चाललंय तेही कळेना. शेजारी सांगत आला की अमुक गल्लीत माणूस गेला. तिथेच बहीण राहते. लँडलाइन कधीच काढून टाकलेला, मोबाइल लागेना. तासाभराने तिचाच फोन आला. तिला आमच्या गल्लीबद्दल तेच सांगितलं होतं.

कुंचला
माझं एक व्यंगचित्र 'भारतात दिसणार नाही' अशी ईमेल आली. आदेश कोणाचा, खटकलं काय, काही नाही. आयटी कायद्याच्या ६९अखालच्या (मजकूर अडवण्याच्या) नियमांत गुप्तताच आहे, म्हणजे भांडायचं तरी कशाशी? लंडनच्या आतेभावाला चित्र दिसत होतं. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, वर "नाक मोठं झालंय" ही सूचना.

शांघाय रिटर्न
२०१७मध्ये चीनने व्हॉट्सॲप अडवलं, आईशी बोलायची पंचाईत झाली. तिथल्या ॲपची वेगळीच तऱ्हा. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला एक बातमी पाठवली. माझ्या फोनवर ती गेलेली दिसत होती, त्याच्याकडे पोचलीच नाही. दोन्ही फोन टेबलावर ठेवून आम्ही बघत बसलो. मग तो उठून चहा आणायला गेला.

साधा लिपिक
मोठा अनुभव टंकला होता. सरकारी नोकर आहे. जुलै २०२५मध्ये सोशल मीडियाच्या सूचना आल्या, शासनाच्या धोरणावर टीका नको. बायकोने वाचून म्हटलं, तालुक्याचं नाव काढा. मग म्हणाली, योजनेचंही. एवढं काढल्यावर कोण कुणाला काय म्हणालं तेच कळेना. मार्चमध्ये रिटायर होतोय. पेन्शन सुरू झाली की टाकतो.