क्षमा विनामूल्य असेल, तर भरपाई कशासाठी?

प्रश्न: सर्वांना ख्रिस्तात सलाम. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, असे बायबलमधील इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो. मग ज्याने शेजाऱ्याला फसवले, त्याने देवाकडे क्षमा मागितल्यावर शेजाऱ्याचे देणे उरते काय?

उत्तर १: सलाम. लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातील जक्कय पाहावा. यरीहो नगराचा हा मुख्य जकातदार, ज्याला लोक पापी समजत, येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढलेला असतानाच, त्याच्याकडून कोणतीही कबुली न घेता, येशूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले, आणि लोक कुरकुरले ते यामुळेच. अर्धी मालमत्ता गरिबांना व फसवून घेतलेले चौपट परत, हे वचन त्यानंतरचे आहे. बायबलमधील गणना या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे स्वतःहून कबुली देणाऱ्याने मूळ रकमेवर केवळ पाचवा हिस्सा अधिक द्यायचा होता. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण तो क्षमा विकत घेत नव्हता. माझ्या मते, ज्याला कृपा खरोखर भेटली, तो देणे टाळण्याची वाट शोधत नाही.

उत्तर २: कॅथलिक परंपरेतही पापनिवेदनानंतर, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिल्यानंतर, चोरलेले परत करण्याचे कर्तव्य कायम राहते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी सही केलेल्या संयुक्त घोषणेतही देवाकडून माणसाचा स्वीकार कृपेनेच होतो आणि सत्कृत्ये त्यातून उपजतात, असेच मांडले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ज्याचे देणे आहे तो हयात नसेल, तर वारसांकडे जावे काय?

उत्तर १: होय, गणनाचा तोच अध्याय जवळच्या आप्ताचा उल्लेख करतो.