ट्यूब प्रीअ‍ॅम्प ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पला जोडला की बास पातळ आणि आवाज पण बसतोय

राजारामपुरी_रेडिओ
नमस्कार मंडळी. ईसीसी८३ वर, म्हणजे एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबवर, लाईन प्रीअ‍ॅम्प केलाय, चॅसी उद्यमनगरात वाकवून घेतली, व्हॉल्व्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आणले. सर्किट साधंच आहे, कॅसेट डेक थेट ग्रिडवर (व्हॉल्व्हचा इनपुट), अ‍ॅनोडला (त्याचा आउटपुट) १०० के म्हणजे किलोओहमचा रेझिस्टन्स, तिथनं ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग ५०० केचा व्हॉल्यूम आणि बाहेर. बी प्लस, म्हणजे व्हॉल्व्हचा डीसी सप्लाय, २५० व्होल्ट. व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग मोकळा आहे. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर, ज्याचा इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा रोध) ४७० के होता, हा सुरेख वाजायचा. आता १०० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प घेतलाय, त्याचा इनपुट १० के लिहिलाय, आणि त्यावर व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढं नेला तरी काही हलत नाही, शेवटी शेवटी एकदम आवाज येतो, आणि आला तरी तबल्याचा डग्गा पातळ. अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून ख्याल असा ऐकायचा म्हणजे जीवावर येतंय. इंपीडन्स मॅच करायचा म्हणजे नेमकं काय, प्रीच्या आउटपुटला १० केचा रेझिस्टन्स टाकून दोन्हीकडं सारखं करू का?

इचलकरंजी_साउंड
भावा, कंडेन्सर ०.४७ चा टाक, बास येतोय बघ.

व्हॉल्व्हवाला_काका
कंडेन्सरनं बास येईल, पण बाकीचं दुखणं तसंच राहील, आणि तो १० केचा रेझिस्टन्स तर अजिबात लावू नकोस, आहे ते पण जाईल.

तुझ्या ईसीसी८३ चा अंतर्गत रोध साधारण ६० के, त्याला समांतर १०० के, म्हणजे अ‍ॅनोडवरनं बघितलं तर आउटपुट इंपीडन्स ३८ केच्या आसपास पडतो. त्यापुढं १० के टांगलास की व्हॉल्यूम पूर्ण उघडूनसुद्धा पाचवा हिस्साच सिग्नल पुढं जातो. आणि व्हॉल्यूमचा पॉट मध्यावर असताना, म्हणजे दोन्ही बाजूला २५० के असताना, वरच्या २५० केतनं येऊन खाली १० केवर पडायचं म्हणल्यावर जेमतेम ३ टक्के उरतात, म्हणून तुला शेवटी एकदम आवाज आल्यासारखं वाटतंय, पॉट बिघडलेला नाही. बासचा हिशोब पण त्यातच आहे, ३८ अधिक १० धर, ०.०४७ बरोबर ७० हर्ट्झला तीन डेसिबल खाली येतं. जुन्या अ‍ॅम्पच्या ४७० केला हे काहीच जाणवत नव्हतं. शिवाय एवढा जड लोड अ‍ॅनोडवर आला की व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन वाढतं, ते कंडेन्सर बदलून जात नाही.

राजारामपुरी_रेडिओ
काका, आत्ता कळलं पॉटचं काय होतंय ते. पण मग ६०० ओहमला ६०० ओहम मॅच करा असं सगळीकडं वाचतोय ते कशासाठी? आणि टीएल०७२ या ऑपअ‍ॅम्प आयसीचा बफर (आउटपुट इंपीडन्स खाली आणणारा टप्पा) टाकला तर चालेल का, स्वस्तात होतंय.

व्हॉल्व्हवाला_काका
६०० चं प्रकरण टेलिफोनच्या लांब लायनींचं, तिथं पॉवर पूर्ण पोचवायची असते. आपल्याला व्होल्टेज पोचवायचंय, आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या की व्होल्टेज निम्मं होतं, सरळ ६ डेसिबल गेले. देणाऱ्याचा इंपीडन्स कमी पाहिजे, घेणाऱ्याचा निदान दहापट जास्त. तुझ्या १० केला १ के किंवा त्याखालचा आउटपुट लागेल.

टीएल०७२ नं काम होतंय, वाईट म्हणणार नाही, फक्त चालू करताना कंडेन्सर चार्ज होताना मोठा झटका इनपुटवर येतो म्हणून १० के सिरीजला आणि दोन्ही सप्लायला डायोड लावलेच पाहिजेत. पण दुसरा अर्धा व्हॉल्व्ह मोकळा असताना मला तरी हे पटत नाही, त्याचा कॅथोड फॉलोअर, म्हणजे कॅथोडवरनं आउटपुट घेणारा बफर, कर की. ईसीसी८३ काढून ईसीसी८२ लाव, बेस आणि फिलामेंट तेच आहे, डेकला ६० पट गेन कशाला हवाय, १२-१४ पट भरपूर झाला. व्हॉल्यूमचा पॉट इनपुटला आण, १०० केचा. पहिल्या अर्ध्याला अ‍ॅनोडवर ४७ के, कॅथोडला २.२ ते २.७ के आणि त्यावर बायपास कंडेन्सर, अ‍ॅनोडवर मीटर लावून १५० व्होल्टच्या जवळपास येतंय बघ, तिथनं थेट दुसऱ्या ग्रिडवर, दुसऱ्याचा अ‍ॅनोड सरळ बी प्लसला, कॅथोडला ३३ के, तो २ वॉटचाच घे कारण पाऊण वॉट उष्णता तिथं जाते. कॅथोडवरनं २.२ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर आणि पुढं ग्राउंडला ४७० के. आउटपुट ५००-६०० ओहम मिळेल, बास ७ हर्ट्झपर्यंत जाईल. फॉलोअरचा कॅथोड १५० व्होल्टवर बसतो म्हणून फिलामेंट ग्राउंडला न ठेवता ५०-६० व्होल्टवर उचल, नाहीतर आतलं इन्सुलेशन जाईल.

रंकाळा_हायफाय
यात एक भर. जुन्या रेडिओतले पेपर कंडेन्सर आउटपुटला वापरू नका, गळका निघाला तर डीसी सरळ पॉवर अ‍ॅम्पात जातो आणि काही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तो स्पीकरपर्यंत पोचतो. जोडायच्या आधी प्रीच्या आउटपुटवर मीटर लावा, गरम झाल्यावर काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. चालू करताना आधी प्री, मिनिटभर थांबून मग पॉवर अ‍ॅम्प, बंद करताना उलटं. आणि बी प्लसचे कंडेन्सर बंद केल्यावर पण भरलेले असतात, रेझिस्टन्सनं डिस्चार्ज करून मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत हात घालू नका.

राजारामपुरी_रेडिओ
ईसीसी८२ मागवतोय. पॉट आजच इनपुटला आणतो, ईसीसी८३ वरच, फॉलोअर व्हायच्या आधी नुसत्या तेवढ्यानं किती फरक पडतोय ते मोजून इथं टाकतो.