टॅबआधी पाळणाघर
गावातल्या अंगणवाडीला टॅब भेट द्यावेत, असं इथे एकांनी सुचवलंय. द्या की, पण मुलं अंगणवाडीत का येत नाहीत, ते आधी बघा. १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हेच कोडं पडलं होतं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. साहित्य काय, तर शंख-शिंपले, बिया, पानं. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी थोरली बहीण त्यामुळे वर्गात बसू शकली. मला विचाराल तर पैसे पाळणाघराच्या ताईच्या मानधनाला द्या. टॅब वर्षभरात कपाटात जातो (आमच्या गावी गेलाच!).