नांदूरमध्यमेश्वर : तपकिरी बदकं ओळखायची कशी?

रानवारा
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं ठरतंय. 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण आहे. नर बदकं चित्रांवरून जुळतात, पण माद्या सगळ्या सारख्याच तपकिरी. सुरुवात कुठून करू? स्कोप (तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण) लागेलच का?

तांबट
रंग सोडा, चोच बघा. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाला फावड्यासारखी पसरट. लांबूनही चुकत नाही. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी आणि टोक पिवळं, नर-मादी दोघांचंही. तलवार बदकाच्या मादीची चोच करडी, मान बारीक. गडवॉलच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी, पंखावर पांढरा चौकोन.

खरी गल्लत भुवई बदक आणि चक्रांग यांच्या माद्यांत होते. भुवई बदकाच्या मादीला चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो आणि चेहऱ्यावरच्या रेघा ठळक. चक्रांगच्या मादीला शेपटीच्या बाजूला फिकट रेघ. त्यात आणखी एक मेख : भुवई बदकाचे काही नर जानेवारीतही मादीच्याच पिसाऱ्यात असतात. उडताना पंखाचा पुढचा भाग निळसर करडा दिसला की नर समजा.

दुर्बीणवाला
8×42 पुरते, फक्त आधी डोळ्यांना जुळवून घ्या. उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करा. मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. ही कडी पिशवीत आपोआप फिरते आणि लोक दुर्बिणीला नावं ठेवतात.

स्कोप मिळाला तर उत्तम, पण 60 पट मोठं करण्याचा मोह नको. 25-30 वर थांबा. सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा महागडी भिंगंही काही करू शकत नाहीत.

निफाडकर
सकाळी सातलाच खाणगाव थडीच्या मनोऱ्यावर हजर राहा. चढायच्या आधी सूर्य कुठे आहे ते बघा. तो समोर आला तर सगळीच बदकं काळी दिसतील, मग चोचीचा काय उपयोग? पाणी उतरलेलं असेल तर उघड्या चिखलावर शेकाट्ये आणि तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी दिसतात, तुडुंब असेल तर बदकं दूर पांगतात.

मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की डोळ्यांवरून दुर्बीण काढू नका. अख्खा थवा उठतो आणि पंखांवरचे पट्टे तेव्हाच दिसतात.

रानवारा
आणि नोंद करताना खात्री नसेल तर?

तांबट
‘बदक, जात अनिश्चित’ लिहा, आकडा द्या. अंदाजाने भुवई बदक लिहू नका.